रक्त वाहत असताना सलाईन किती द्यायचं? प्राण्यांवरच्या प्रयोगांनी आधी एक उत्तर दिलं, मग दुसरं

मोठा अपघात झाला, गोळी लागली, चाकू लागला, भरपूर रक्त गेलं की बीपी पडतं, आणि बीपी पडलं की सलाईन लावायचं, दोन्ही हातांना, बाटलीमागून बाटली. हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की यात काही प्रश्न असेल असं वाटतच नाही. पण नेमक्या याच गोष्टीवर डॉक्टर लोकांचं शंभर वर्षं एकमत होत नव्हतं, आणि या काळात जी मतं बदलली ती बहुतेक कुत्रे, डुकरं आणि उंदरांवरच्या प्रयोगांमुळे बदलली. त्यातले काही प्रयोग फार उपयोगी ठरले, काहींनी सगळ्यांना वर्षानुवर्षं भलत्या वाटेला लावलं. दोन्हींत फरक काय होता ते नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून हा लेख.

आधी शरीरात काय होतं ते बघू. 70 किलोच्या माणसात साधारण 5 लिटर रक्त असतं. त्यातलं थोडं गेलं तर शरीर सांभाळून घेतं, हृदय जोरात धडधडतं, कातडी आणि आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवलं जातं. म्हणूनच अशा पेशंटचे हातपाय गार पडतात. पण 30 ते 40 टक्के रक्त गेलं की ही सगळी धडपड कमी पडायला लागते, बीपी कोसळतं, पेशींना ऑक्सिजन मिळेनासा होतो, मग त्या ऑक्सिजनशिवाय कसंबसं काम रेटतात आणि त्यातून लॅक्टिक अ‍ॅसिड साठत जातं. याला डॉक्टर हेमोरेजिक शॉक म्हणतात. वेळेत रक्तस्राव थांबला नाही तर माणूस जातो, आणि बऱ्याचदा पहिल्या काही तासांतच जातो.

आता सलाईनमधे काय असतं, तर मीठ आणि पाणी. रिंगर लॅक्टेट, ज्याला हॉस्पिटलात सगळे आरएल म्हणतात, त्यात मिठाबरोबर थोडं पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असतं. (हे आरएलसुद्धा मुळात प्राण्यांच्या प्रयोगातूनच आलंय. लंडनमधे 1880 च्या दशकात सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवायला कोणते क्षार लागतात ते शोधत होते, पुढे 1930 च्या दशकात अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातलं.) यातलं काहीही ऑक्सिजन वाहून नेत नाही, काहीही रक्त गोठवत नाही. शिवाय दिलेलं पाणी रक्तवाहिनीत टिकतही नाही, तासाभरात त्यातलं चौथा ते तिसरा हिस्सा आत उरतं आणि बाकीचं झिरपून आजूबाजूच्या पेशींमधल्या जागेत जातं. म्हणजे बाटलीने बीपीचा आकडा वर जातो हे खरं, पण गेलेलं रक्त काही परत येत नाही.

मग हे द्यायचं का, किती, आणि कधी? माणसांवर हे तपासणं किती अवघड आहे बघा. कोणालाही मुद्दाम रक्तबंबाळ करता येत नाही, आलेला पेशंट बेशुद्ध असतो त्यामुळे परवानगी कोणाची घेणार, प्रत्येकाची जखम वेगळी, किती रक्त गेलं ते नक्की माहीत नाही, हॉस्पिटलात पोचायला लागलेला वेळ वेगळा. म्हणून संशोधक प्राण्यांकडे वळले.

सुरुवातीचा प्रश्न तर याहून मूलभूत होता, की मार लागल्यावर माणूस शॉकमधे जातो तो नक्की कशामुळे? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बऱ्याच जणांना वाटायचं की चेंगरलेल्या मांसातून काहीतरी विष रक्तात मिसळतं. 1930 च्या सुमारास व्हँडरबिल्ट विद्यापीठात अल्फ्रेड ब्लेलॉक यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, जखमी पायात किती द्रव आणि रक्त साचतं ते वजनाने मोजलं, आणि दाखवलं की बीपी पडायला तेवढं नुकसान पुरेसं आहे, विषाची गरजच नाही. या प्रयोगशाळेतलं बरंचसं काम व्हिव्हियन थॉमस हे तंत्रज्ञ आपल्या हातांनी करायचे, ते कृष्णवर्णीय होते आणि त्यांना त्यांच्या कामाचं श्रेय मिळायला कित्येक दशकं गेली, हे इथे सांगायलाच हवं. तर शॉकचं मूळ रक्त आणि द्रव कमी होण्यात आहे हे पक्कं झालं, आणि मग साहजिकच पुढचा विचार आला की जे कमी झालंय ते भरून काढा.

इथे कार्ल विगर्स येतात, क्लीव्हलंडचे फिजिऑलॉजिस्ट. 1940 च्या दशकात त्यांनी कुत्र्यांवर एक पद्धत बसवली जी पुढे जगभर वापरली गेली. भूल दिलेल्या कुत्र्याच्या धमनीत नळी घालायची, रक्त काढत काढत बीपी पाऱ्याच्या 50 मिलिमीटरवर आणून दीडेक तास तिथेच धरून ठेवायचं, मग अजून खाली 30 वर आणून आणखी पाऊण तास, आणि शेवटी काढलेलं सगळं रक्त परत द्यायचं. रक्त पूर्ण परत दिलं तरी बरेच कुत्रे नंतर मरायचे. म्हणजे शॉक जास्त वेळ राहिला की शरीरात असं काही बिघडतं की नंतर रक्त भरूनही उपयोग होत नाही. हा फार मोठा शोध होता आणि त्याने सगळ्यांच्या मनात एक घाई पेरली, की बीपी खाली राहू द्यायचं नाही, जितक्या लवकर वर आणाल तितकं चांगलं.

1960 च्या दशकात डॅलसमधे टॉम शायर्स यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांचं म्हणणं होतं की शॉकमधे फक्त रक्तवाहिन्यांतलंच नाही तर पेशींच्या बाहेरचं पाणीही कमी होतं, त्यामुळे नुसतं रक्त परत देऊन भागत नाही. त्यांच्या प्रयोगात ज्या कुत्र्यांना रक्ताबरोबर भरपूर आरएल दिलं ते नुसतं रक्त मिळालेल्या कुत्र्यांपेक्षा जास्त संख्येने वाचले. मग व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांना खूप मोठ्या प्रमाणावर असे द्रव दिले गेले. कोरियन युद्धाच्या मानाने किडनी निकामी होण्याचं प्रमाण कमी झालं, पण दुसरीकडे फुप्फुसात पाणी भरून श्वास न घेता येणारे जखमी दिसायला लागले, डा नांगच्या हॉस्पिटलवरून त्याला 'डा नांग लंग' असंही नाव पडलं. तरी जितकं रक्त गेलं त्याच्या तिप्पट सलाईन हा नियम रूढ झाला, आणि पुढे 1980 पासून अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या एटीएलएस नावाच्या, गंभीर जखमींवरचे उपचार शिकवणाऱ्या कोर्समधून दोन लिटर आरएल पटकन सोडा हे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना शिकवलं गेलं.

आता जरा थांबून विगर्स यांच्या प्रयोगाकडे परत बघा. त्यात रक्त जातंय ते कुठून? संशोधकाने घातलेल्या नळीतून. आणि सलाईन किंवा रक्त देण्याच्या वेळी ती नळी बंद असते, म्हणजे रक्तस्राव थांबलेला आहे. याला कंट्रोल्ड हेमोरेज म्हणतात. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या पोटातली धमनी फाटलेली असते, ती कोणी बंद केलेली नसते, ती वाहतेच आहे. गळक्या टाकीत पाणी ओतण्यासारखं आहे हे, वरून जितक्या जोरात ओताल तितक्या जोरात खालून जाणार. फरक एवढाच की शरीरातलं भोक स्वतःला बुजवायचा प्रयत्न करत असतं. बीपी कमी झालं की फाटलेल्या जागी रक्ताची मऊ गुठळी जमते, धमनी आवळते, आणि रक्तस्राव मंदावतो किंवा थांबतो. वरून भरपूर पाणी आलं की एकाच वेळी चार गोष्टी होतात: दाब वाढून गुठळी उडते, आवळलेली धमनी पुन्हा सैल होते, रक्त पातळ होऊन गोठवणारे घटक कमी पडतात, आणि बाटली खोलीच्या तापमानाची असल्याने शरीर थंड पडतं, थंड रक्त तर आणखीनच कमी गोठतं.

खरं म्हणजे हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं असं नाही. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी पहिल्या महायुद्धातले जखमी बघून 1918 मधेच सहकाऱ्यांबरोबर लिहून ठेवलं होतं की सर्जन रक्तस्राव थांबवायला तयार होण्याआधीच बीपी वर नेलं तर ज्या रक्ताची नितांत गरज आहे तेच वाहून जाईल. 1965 मधे शाफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या धमनीला जखम करून दाखवलं की रक्तस्राव आपोआप थांबतो तो बीपी उतरल्यावर धमनीबाहेर जमणाऱ्या जेलीसारख्या मऊ गुठळीमुळे, आणि दाब वाढवला की हे काम बिघडतं. पण त्या काळात सगळा जोर बीपी वर न्यायच्या बाजूला होता, त्यामुळे या गोष्टी कागदावरच राहिल्या. मला यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच वाटते, की विगर्स आणि शायर्स यांनी जे मोजलं ते बरोबरच मोजलं होतं, पण बंद नळीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उघड्या जखमेला लावलं गेलं, आणि तेही दोनेक दशकं.

मोठा धक्का बसला 1991 मधे. विल्यम बिकेल आणि सहकाऱ्यांनी 16 डुकरं घेतली, पूर्ण भूल दिलेली, आणि प्रत्येकाच्या महाधमनीत आधीच एक बारीक स्टीलची तार बसवून ठेवली, ती ओढली की 5 मिलिमीटरचं भोक पडायचं. म्हणजे जखम प्रत्येकात सारखीच आणि नंतर ती कोणी बंद करायची नाही. 8 डुकरांना काहीच दिलं नाही, 8 डुकरांना दर किलोमागे 80 मिलिलिटर आरएल भराभर दिलं. काहीच न दिलेली आठही डुकरं प्रयोगाच्या वेळेत जगली. आरएल दिलेली आठही मेली, आणि त्यांचं रक्त दुपटीपेक्षा जास्त वाहून गेलं होतं.

यावर लगेच एक आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. किलोमागे 80 मिलिलिटर म्हणजे 70 किलोच्या माणसाला साडेपाच लिटरच्या वर, तेही काही मिनिटांत, एवढं तर अँब्युलन्समधे कोणी देत नाही. पण त्या काळचा तिपटीचा नियम काटेकोरपणे पाळायचा म्हटला तर आकडा साधारण त्याच दिशेने जातो. आणि मुद्दा फक्त डोसचा नव्हता, मुद्दा हा होता की जखम उघडी ठेवून बघितलं तर उत्तर उलटं येऊ शकतं.

पुढे बिकेल यांनीच ह्यूस्टनमधे माणसांवर ट्रायल केली, 1994 मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे छापून आलेली. छातीत-पोटात गोळी किंवा चाकू लागलेले 598 पेशंट, वरचं बीपी 90 किंवा त्याखाली. एक दिवस आड पद्धत ठेवली, एका दिवशी आलेल्यांना अँब्युलन्सपासूनच सलाईन सुरू, दुसऱ्या दिवशी आलेल्यांना सुई लावून ठेवायची पण ऑपरेशन थिएटरपर्यंत पाणी सोडायचं नाही. लगेच सलाईन मिळालेल्यांपैकी 62 टक्के वाचले, थांबवलेल्यांपैकी 70 टक्के. डुकरांइतका टोकाचा फरक नाही, पण दिशा तीच. मात्र हे लक्षात ठेवा की हे सगळे भोसकलेले किंवा गोळी लागलेले तरुण पेशंट होते, ह्यूस्टनसारख्या शहरातले, जिथे थोड्या वेळात सर्जनच्या टेबलावर पोचता येतं.

मग प्रश्न उरला, बीपी किती कमी चालेल? याचं उत्तर माणसांत शोधणं अशक्यच होतं, कारण फाटलेली महाधमनी पुन्हा कधी वाहायला लागली ते आतून दिसत नाही. 2003 मधे अमेरिकन लष्कराच्या संशोधन संस्थेतल्या जिल सोंडीन आणि सहकाऱ्यांनी डुकरांमधे हे बघितलं. महाधमनीला भोक पाडलं, रक्तस्राव आपोआप थांबू दिला, आणि मग द्रव देत हळूहळू बीपी वर नेलं. वरचं बीपी सरासरी 94 च्या आसपास आलं की रक्त पुन्हा वाहायला लागायचं, भोक लहान असो की मोठं, द्रव लवकर दिला असो की उशिरा. आज गंभीर रक्तस्रावात, डोक्याला मार नसेल तर, रक्तस्राव थांबेपर्यंत वरचं बीपी 80 ते 90 ठेवा असा सल्ला युरोपियन गाईडलाइनमधे आहे, तो आकडा या डुकरांच्या आकड्याच्या जरासा खालीच येतो. याला परमिसिव्ह हायपोटेन्शन म्हणतात, म्हणजे बीपी थोडं कमी आहे हे माहीत असून ते तसंच चालवून घ्यायचं. एटीएलएसनेही 2018 च्या आवृत्तीत दोन लिटरवरून एक लिटरवर यायला सांगितलं.

डोक्याला मार असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं. सुजलेल्या मेंदूत रक्त ढकलायला दाब लागतोच, बीपी एकदा जरी 90 च्या खाली गेलं तरी अशा पेशंटमधे मृत्यूचं प्रमाण कितीतरी वाढलेलं दिसतं. त्यामुळे पोटात रक्तस्राव आणि डोक्यालाही मार असा पेशंट आला की डॉक्टरची खरी पंचाईत होते, एका जखमेला जे हवं ते दुसरीला मारक.

आता इतके सगळे प्रयोग झाल्यावर कोणीतरी ते एकत्र करून बघायला हवे होते ना? ते केलं लंडनच्या इयान रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 2002-03 च्या सुमारास. सलाईन दिलं विरुद्ध दिलं नाही अशी तुलना करणारे 44 प्राणी-प्रयोग त्यांनी शोधले. निकाल एकमेकांत बसतच नव्हते, काहींत सलाईनने प्राणी वाचत होते, काहींत मरत होते. बारकाईने बघितल्यावर एक गोष्ट दिसली ती अशी, की रक्तस्राव किती भयंकर आहे यावर उत्तर ठरत होतं. उंदराची शेपूट कापून रक्तस्राव करायची एक पद्धत आहे, त्यात अर्ध्यापेक्षा जास्त शेपूट कापली असेल तर सलाईन दिलेले उंदीर जास्त वाचायचे, अर्ध्यापेक्षा कमी कापली असेल तर सलाईन दिलेले जास्त मरायचे. म्हणजे प्राणी काही न करता मरणारच असेल तर पाणी थोडा वेळ तगवतं, आणि जखम स्वतःहून बुजू शकत असेल तर तेच पाणी बुजणं हाणून पाडतं. आणि ज्या 9 प्रयोगांत बीपी थोडं कमी ठेवणं विरुद्ध नॉर्मलवर नेणं अशी तुलना होती, तिथे कमी बीपीवाल्या गटात मरणाचा धोका निम्म्याहूनही खाली होता. मला वाटतं या विषयात यापेक्षा महत्त्वाचा कागद नाही, कारण सलाईन चांगलं की वाईट या वादाला तो खऱ्या अर्थाने पुढे नेतो.

पण याच पाहणीत दुसरी एक गोष्ट बाहेर आली आणि ती वाचून वाईट वाटतं. प्रयोग खूप छोटे होते, एका गटात आठ-दहा प्राणी. कोणता प्राणी कोणत्या गटात जाईल ते खरोखर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं का, मोजणाऱ्याला कोणाला काय दिलंय हे माहीत होतं का, याबद्दल बहुतेक ठिकाणी नीट काही लिहिलेलंच नव्हतं. माणसांच्या ट्रायलमधे हे चालवून घेतलं नसतं. संशोधक मुद्दाम फसवतो असं नाही, पण जरा अशक्त दिसणारं डुक्कर नकळत दुसऱ्या गटात जातं, आपल्याला हव्या त्या गटातल्या प्राण्याची गुठळी जरा जास्त काळजीने सांभाळली जाते, आणि आठ-दहा प्राण्यांत एवढ्याने निकाल फिरतो. त्यात ज्या प्रयोगात काहीच फरक दिसला नाही तो छापून येत नाही, मग पाच वर्षांनी दुसरीकडे कोणीतरी तोच प्रयोग पुन्हा करतं, पुन्हा तेवढेच प्राणी मरतात. प्राणी मारून जर खात्रीचं काही कळलंच नाही तर ते मारणं कशासाठी होतं, हा प्रश्न प्राण्यांवर प्रयोग नकोत म्हणणाऱ्यांनी विचारायचा आणि संशोधकांनी टाळायचा असं होता कामा नये, तो संशोधकांचाच पहिला प्रश्न असायला हवा. रसेल आणि बर्च यांनी 1959 मधे तीन तत्त्वं मांडली होती: शक्य तिथे प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरा, कमीत कमी प्राणी वापरा, वेदना कमी करा. यातल्या 'कमीत कमी'चा अर्थ गट इतका छोटा करा की काही सिद्धच होणार नाही, असा नाही. 2010 मधे अराइव्ह नावाचे नियम आले, त्यात प्राण्यांचे प्रयोग छापताना गट कसे पाडले, संख्या कशी ठरवली, निकाल मोजणाऱ्याला काय माहीत होतं हे सगळं लिहायला सांगितलंय.

प्राणी आणि माणूस यांच्यातले फरकही कमी नाहीत. कुत्र्याच्या आणि डुकराच्या प्लीहेत रक्ताचा साठा असतो, रक्त जायला लागलं की ती आवळून तो साठा बाहेर सोडते, म्हणजे प्राण्याला आतूनच रक्त मिळतं, म्हणून बऱ्याच प्रयोगांत प्लीहा आधीच काढून टाकतात. कुत्र्याला शॉकमधे आतड्यांना जबर इजा होते, तशी माणसाला होत नाही. डुकराचं रक्त माणसापेक्षा जोमाने गोठतं, त्यामुळे डुकरात टिकलेली गुठळी माणसात टिकेलच असं नाही. आणि भूल! प्रयोगातला प्राणी पूर्ण भुलेखाली असतो, तो असायलाच हवा, पण काही भुलीची औषधं स्वतःच बीपी उतरवतात, केटामिनसारखी काही चढवतात, आणि रस्त्यावर पडलेला माणूस तर भुलेत नसतो, तो वेदनेत आणि भीतीत असतो. शिवाय बहुतेक प्रयोग काही तासांत संपतात, माणूस मात्र कधी कधी दहाव्या दिवशी अवयव निकामी होऊन जातो, ते त्या प्रयोगात दिसणारच नाही.

यामुळे प्राण्यांत छान दिसलेल्या काही गोष्टी माणसांत आपटल्या. ब्राझीलमधे 1980 मधे वेलास्को, रोचा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना 7.5 टक्के मिठाचं अगदी थोडं द्रावण दिलं, किलोमागे 4 मिलिलिटर, आणि भयंकर शॉकमधले कुत्रे वाचले. कल्पना फार सुंदर होती, एवढीशी पिशवी खिशात घेऊन जाता येईल. पण अमेरिका आणि कॅनडात मोठी ट्रायल झाली तेव्हा फायदा दिसेना म्हणून ती मधेच थांबवावी लागली. कृत्रिम हिमोग्लोबिनचं तर याहून वाईट झालं. प्राण्यांत आशा दाखवणारं एक द्रावण अमेरिकेत जखमींना दिलं गेलं, 1998 मधे ट्रायल थांबवली, कारण 28 दिवसांत ते द्रावण मिळालेल्यांपैकी 46 टक्के दगावले होते आणि साधं सलाईन मिळालेल्यांपैकी 17 टक्के. पेशीबाहेरचं मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साईड शोषून घेतं, त्यामुळे वाहिन्या आवळतात, बीपी वर दिसतं पण पेशींपर्यंत रक्त पोचेलच असं नाही.

बीपीच्या आकड्याला भुलायचं नाही हे यातून कळलं, आणि मग लक्ष पाण्यावरून रक्ताकडे वळलं. 2003 मधे लंडनच्या करीम ब्रोही यांच्या गटाने दाखवलं की गंभीर जखमींपैकी साधारण चौथ्या हिश्श्याचं रक्त हॉस्पिटलात पोचतानाच नीट गोठत नसतं, सलाईन जास्त दिल्याने नाही तर इजेमुळेच. हे कळल्यावर प्राण्यांची मॉडेल्सही बदलावी लागली, कारण नुसती धमनी कापून असा बिघाड होत नाही, त्याला मांस-हाडाची मोठी इजा, शॉक आणि थंडी सगळं एकत्र लागतं. 2011 मधे रोझमेरी कोझर यांच्या गटाने उंदरांमधे आणखी एक गोष्ट दाखवली. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर साखर आणि प्रथिनांचा एक नाजूक थर असतो, शॉकमधे तो झडतो आणि वाहिन्या झिरपायला लागतात, आरएलने तो परत येत नाही पण प्लाझ्माने, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवाने, बऱ्यापैकी परत येतो.

मग माणसांत काय दिसलं? 2018 मधे आलेल्या पॅम्पर नावाच्या ट्रायलमधे हेलिकॉप्टरमधूनच प्लाझ्मा दिलेल्या पेशंटचं 30 दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण 23.2 टक्के होतं, नेहमीची ट्रीटमेंट मिळालेल्यांचं 33 टक्के. पण त्याच वर्षी डेन्व्हरमधल्या ट्रायलमधे, जिथे हॉस्पिटल जवळ होतं, फायदा दिसला नाही, आणि 2022 मधे ब्रिटनमधल्या ट्रायलमधे रक्तपेशी आणि प्लाझ्मा देऊनही सलाईनपेक्षा ठोस फरक आला नाही. आणि गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, अगदी स्वस्त औषध, तेच इयान रॉबर्ट्स यांनी 40 देशांत 20 हजारांवर पेशंटमधे तपासलं, 2010 मधे या क्रॅश-2 नावाच्या ट्रायलचे निकाल आले, मृत्यू 16 टक्क्यांवरून 14.5 वर. आकडा छोटा वाटेल, पण अशा जखमांनी जगात किती माणसं जातात हे लक्षात घेतलं तर तो छोटा नाही. डुकरांच्या छोट्या गटांत एवढा फरक कधीच दिसला नसता, त्याला हजारो माणसंच लागतात.

सध्या सगळ्यात अडलेला प्रश्न वेळेचा आहे. बीपी कमी ठेवणं पाऊण-एक तास ठीक, पण हॉस्पिटल चार तासांवर असेल तर? विगर्स यांच्या कुत्र्यांनी दाखवलंच होतं की शॉक लांबला की परतीचा रस्ता बंद होतो, म्हणजे त्यांचा प्रयोग इथे पुन्हा उपयोगी पडतो. ब्रिटनमधे पोर्टन डाऊनच्या लष्करी प्रयोगशाळेत डुकरांवर नेमकं हेच तपासलं गेलं. स्फोटाची इजा आणि रक्तस्राव दोन्ही असलेल्या डुकरांमधे बीपी तासन्‌तास कमी ठेवणं घातक ठरलं, कारण स्फोटाने फुप्फुसं आधीच खराब झालेली असतात आणि वर रक्तही कमी पोचतं. म्हणून त्यांनी मधला मार्ग बघितला, पहिला तासभर बीपी कमी ठेवायचं म्हणजे गुठळी घट्ट व्हायला वेळ मिळेल, आणि त्यानंतर हळूहळू नॉर्मलच्या जवळ न्यायचं. स्फोट झालेल्या प्राण्यांना याचा फायदा झाला आणि ब्रिटिश लष्कराने ही पद्धत आपल्या जखमींसाठी घेतली. माणसांमधे हे मोजणं अजून कठीण आहे, आणि त्याचं एक कारण बॉल्टिमोरच्या 2002 च्या ट्रायलमधे दिसलं होतं. तिथे 110 जखमींपैकी अर्ध्यांचं वरचं बीपी 70 वर ठेवायचं ठरलं होतं, पण प्रत्यक्षात ते सरासरी 100 च्या आसपास राहिलं, कारण रक्तस्राव मंदावला की शरीर बीपी आपणहून वर नेतं. दोन्ही गटांत चार-चार मृत्यू झाले. भुलेखालच्या डुकराचं बीपी पंपाने हवं तिथे तासभर धरून ठेवता येतं, माणसाचं नाही, त्यामुळे तासाभराने बीपी वर न्यायचं ते सलाईनने, प्लाझ्माने की थेट पूर्ण रक्ताने, हा पुढचा प्रश्नही आधी प्राण्यांमधेच तपासला जातोय.